कावळा, फांदी आणि जावाचा दिवा : तर्कशास्त्राचा एक उघड्यावरचा तास

(तृतीय वर्ष कला, तर्कशास्त्र)

प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कविता असावी, एखादा ललित लेख असावा, फार तर किल्ल्यावरच्या सहलीचे वर्णन असावे. तेथे मोटारसायकलीच्या वायरींचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यातून लेखिका तर्कशास्त्राची विद्यार्थिनी! परंतु तासाला आपण फळ्यावर जी अनुमाने मांडतो, ती खरी की खोटी हे तेलकट हातांनी तपासून पाहण्याची संधी जुनी मोटारसायकल जितकी देते, तितकी फार थोड्या वस्तू देतात. फळ्यावर चुकलेले अनुमान डस्टरने पुसता येते. गाडीच्या बाबतीत चुकलेले अनुमान खिशाला लागते, आणि रात्रीच्या रस्त्यावर जिवालाही लागू शकते.

या कामाला गाडी जुनीच हवी. आजच्या नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो आणि बिघाड कोठे आहे हे वाचायला पुष्कळदा वेगळे यंत्र जोडावे लागते. जुन्या गाडीत सारा कारभार उघडा असतो. वायर डोळ्यांना दिसते, जोड बोटांना लागतो, स्पार्क कानांना ऐकू येतो. विचार मात्र आपला आपल्यालाच करावा लागतो.

माझ्या अभ्यासाची गाडी म्हणजे काकांची १९६८ सालची, २५० सी.सी.ची जावा. ‘जावा’ हे नाव बेटावरून आलेले नाही. फ्रान्तिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९ साली वाण्डरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा आराखडा आणि हक्क घेतले. त्या दोन नावांची पहिली अक्षरे जुळून ‘जावा’ झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्या ‘येझदी’ नावाने निघाल्या आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढे २०१८ साली जावा हे नाव आणि २०२२ साली येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आले. पण काकांच्या गाडीचा त्या नव्या गाड्यांशी नावापुरताच संबंध. तिचे दुखणेखुपणे जुन्या पद्धतीचे, आणि म्हणूनच शिकण्यासारखे.

विजेची वाट

प्रथम थोडे पाठ्यपुस्तकी. या जावाच्या इंजिनाला एक डायनॅमो जोडलेला असतो. इंजिन फिरले की तो वीज निर्माण करतो. ती वीज रेग्युलेटरमधून बॅटरीकडे व दिव्यांकडे जाते. रेग्युलेटरची कामे दोन : दाब प्रमाणाबाहेर वाढू न देणे, आणि इंजिन बंद असताना बॅटरीतली वीज उलट डायनॅमोत जाऊ न देणे. बॅटरी शिसे-आम्लाची, तीन घरांची. प्रत्येक घर दोन व्होल्टचे, म्हणून एकूण सहा व्होल्ट. या जातीची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली, आणि तत्त्वतः तीच आजही चालू आहे.

प्रवाहाचा मुख्य नियम असा की तो निघाला तेथे परत आला पाहिजे. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात. एकीने वीज येते, दुसरीने जाते. मोटारसायकलीत बहुतेक ठिकाणी एकच वायर दिसते. मग परतीची वाट कोणती? ती म्हणजे गाडीचे लोखंडी अंग : चासी, इंजिन, चिमटा, दिव्याचे भांडे. यालाच मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. काकांच्या जावात बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले आहे. जुन्या इंग्रजी गाड्यांत पुष्कळदा धन टोक चासीला असे. म्हणून हात लावण्यापूर्वी आपल्या गाडीत काय आहे हे पाहून घ्यावे. वायरींच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये. पन्नास-साठ वर्षांत किती हातांनी किती रंगांचे तुकडे जोडले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

आपण जाणाऱ्या वाटेकडे लक्ष देतो आणि परतीच्या वाटेला विसरतो. वायर तुटली तर दिसते. लोखंडाला लोखंड टेकलेले असते, तेथे काही बिघडले असेल असे मनातही येत नाही. पण त्या दोन लोखंडांच्या मध्ये गंज असतो, ग्रीस असते, कोणाच्या तरी लग्नाच्या वेळी गाडीला दिलेला रंग असतो. रंग वीज वाहून नेत नाही.

सहा व्होल्टचे दुखणे

आता थोडे गणित. विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

जावाच्या पुढच्या दिव्याचा बल्ब ३५ वॉटचा. सहा व्होल्टवर तो सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे तापलेल्या तारेचा रोध साधारण १ ओहम. समजा, वाटेत कोठेतरी गंजलेल्या जोडाने अवघा ०.२ ओहम रोध निर्माण केला. मग प्रवाह ४.९ अँपिअरवर येतो. त्या जोडातच जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो आणि बल्बच्या वाट्याला पाचच व्होल्ट येतात. सहातून एक गेला, त्यात काय मोठे, असे वाटेल. पण तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. हिशेब केला तर उजेड ५५ टक्क्यांच्या आसपास उरतो. एका भिकार जोडाने जवळपास अर्धा दिवा गिळला!

हाच जोड बारा व्होल्टच्या गाडीत असता तर? तेथे ३५ वॉटचा बल्ब निम्माच प्रवाह घेतो, वाटेत अर्ध्या व्होल्टच्या थोडे वरच दाब खर्च होतो, आणि तोही बारातून. उजेड ८५ टक्के टिकतो. बारा व्होल्टच्या गाडीत जो दोष ध्यानातही येणार नाही, तो सहा व्होल्टच्या गाडीला आंधळी करतो. जुन्या गाडीचे दिवे ‘जात्याच मंद’ असतात असे लोक म्हणतात, त्यात थोडेच तथ्य आहे. बरेचसे दोष जोडांचे असतात.

यातून दुसरीही एक गोष्ट निघते. खराब जोडाच्या पुढे बल्ब काढून नुसते मीटर लावले, तर ते पुरे सहा व्होल्ट दाखवते. कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. आणि प्रवाह नाही तर वाटेत खर्चही नाही. एका तंतूवर लोंबकळणारी वायरही मीटरला धडधाकट वाटते. म्हणून दाब मोजायचा तो दिवा लावून, ओझे घालून. रिकाम्या बैलगाडीवरून बैलाची ताकद कळत नाही.

काकांचा दिवा

काका रोज पहाटे साडेचारला दुधाचे दोन कॅन गाडीला बांधून तालुक्याच्या रस्त्यावरील संकलन केंद्रावर जातात. वाट ११ किलोमीटरची. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग असते. गाड्यांना मागे दिवा नसतो. गेल्या पावसाळ्यानंतर जावाचा पुढचा दिवा पिवळा पडू लागला. हॉर्नही बसक्या आवाजात वाजू लागला. एका गॅरेजात बॅटरी बदलून झाली. आठ-दहा दिवस उजेड बरा वाटला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यानंतर त्याच ठिकाणी अंदाज मिळाला : नवा रेग्युलेटर, डायनॅमोचे काम आणि सगळे वायरिंग नवे, एकूण बारा हजारांच्या घरात. त्याच आठवड्यात एका उसाच्या गाडीच्या मागच्या दांड्या काकांना हाताच्या अंतरावर आल्यावर दिसल्या. गाडी रस्त्याच्या कडेला गेली, एक कॅन सांडला, काकांचा गुडघा फुटला. त्या दिवशी काकू म्हणाल्या, “आता ही गाडी भंगारात घाला. दूध मी डोक्यावरून नेईन, पण तुम्हाला अंधारात पाठवणार नाही.”

बारा हजार हातात नव्हते आणि गाडीवाचून दूध पोहोचत नव्हते. अशा वेळी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. माझ्याजवळ एक साधे मल्टिमीटर, वायरचे तुकडे आणि तर्कशास्त्राची वही एवढीच सामग्री होती. भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मीटर कसे धरायचे ते शिकवले होते.

मी प्रथम गाडी उघडली नाही. वहीत दोन रकाने केले. एकात आजारी काय ते लिहिले, दुसऱ्यात धडधाकट काय ते. आजारी : पुढचा दिवा, हॉर्न. धडधाकट : मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंजिनाचा स्पार्क.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ सालच्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती दिल्या, त्या आपण परीक्षेसाठी पाठ करतो. त्यांतली पहिली अन्वय पद्धती : जेथे जेथे कार्य घडते, तेथे तेथे समान काय आहे ते शोधा. आता पाहा. बॅटरी, मुख्य स्विच आणि डायनॅमो ही पुढच्या दिव्याला लागतात तशी मागच्या दिव्यालाही लागतात. मागचा दिवा ठीक असेल तर या तिघांवरचा संशय पुष्कळ कमी होतो. मग पुढचा दिवा आणि हॉर्न या दोघांतच समान काय? काकांच्या गाडीत हॉर्नचे बटण हँडलवर आहे आणि ते दाबले की हॉर्नचा प्रवाह हँडलच्या लोखंडातून परत जातो. पुढच्या दिव्याचा प्रवाह दिव्याच्या भांड्यातून, चिमट्यातून परत जातो. म्हणजे दोघांची परतीची वाट एकच : हँडल आणि चिमट्याकडून चासीकडे. आणि त्या दोहोंमध्ये काय आहे? मानेतल्या गोळ्या आणि ग्रीस. हँडल फिरावे म्हणून गोळ्या ग्रीसमध्ये बुडवलेल्या असतात, आणि ग्रीसमधून वीज नीट जात नाही.

दुसरी सहपरिवर्तन पद्धती : एक गोष्ट बदलताना दुसरीही तिच्याबरोबर बदलते का? दिवा लावून काकांना हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवायला सांगितले. डाव्या टोकाला दिवा किंचित उजळला, मध्यावर पुन्हा पिवळा पडला. बॅटरीला हँडल कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नसते. संशय आणखी दाट झाला.

तिसरी अवशेष पद्धती, आणि येथे मीटर कामाला आले. इंजिन बंद, दिवा चालू. बॅटरीच्या दोन टोकांत ६.१ व्होल्ट. बल्बच्या दोन टोकांत ५.० व्होल्ट. मग उरलेले १.१ व्होल्ट कोठे गेले? बॅटरीच्या धन टोकापासून बल्बपर्यंतच्या जाणाऱ्या वाटेत मोजले : ०.२ व्होल्ट. दिव्याच्या भांड्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतच्या परतीच्या वाटेत मोजले : ०.९ व्होल्ट. पाच अधिक ०.२ अधिक ०.९ बरोबर ६.१. हिशेब पुरा लागला. चोरी परतीच्या वाटेवर होत होती.

तरीही हे अनुमानच. आपल्याकडच्या न्यायशास्त्राने येथे एक पाऊल पुढे टाकायला सांगितले आहे. धूर आणि अग्नी यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे : जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे सरोवर. नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही लागतो. ‘असल्यावर असते’ इतकेच पाहून चालत नाही. ‘नसल्यावर नसते’ हेही पाहावे लागते.

म्हणून मी एक जाड वायर घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडले आणि दुसरे टोक दिव्याच्या भांड्याच्या खरडून उघड्या केलेल्या जागी टेकवले. दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. गोठ्यापलीकडच्या अंधारात जेथे काही दिसत नव्हते, तेथे बांधावरची बाभूळ उभी राहिली. काका म्हणाले, “अगं, हा तर बाभळीच्या शेंड्यापर्यंत गेला!” मी वायर उचलली; बाभूळ गेली. टेकवली, आली. असे पाच-सहा वेळा केले. काकूंना बोलावले आणि त्यांच्या हातूनही करवले. आता ते अनुमान राहिले नव्हते. बिघाड आमच्या इच्छेने येत होता आणि आमच्या इच्छेने जात होता.

दुसऱ्या दिवशी दोन मीटर जाड वायर आणि दोन थिंबल आणले. दिव्याच्या भांड्यापासून चासीपर्यंत कायमची अर्थ-वायर जोडली. हँडल दोन्ही बाजूंना पुरे फिरले तरी ती ताणणार नाही इतकी ढील ठेवली. दोन्ही बोल्टांखालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला आणि बोल्ट आवळल्यावर गंज धरू नये म्हणून वरून थोडे व्हॅसलीन लावले. खर्च शंभर रुपयांच्या आत. परतीच्या वाटेतला खर्च मीटरवर शून्याच्या जवळ आला. हॉर्न असा वाजला की गोठ्यातली म्हैस दावे ओढू लागली.

कावळा आणि फांदी

मग बॅटरी बदलल्यावर आठ-दहा दिवस उजेड बरा का वाटला होता? नवी बॅटरी पुरी भारलेली होती, तिचा दाब जुनीपेक्षा थोडा जास्त होता. त्यामुळे वाटेत चोरी होऊनही बल्बच्या वाट्याला थोडे अधिक येत होते. बॅटरी नेहमीच्या पातळीवर आली आणि दिवाही आपल्या जागी आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि सर्वांनी कावळ्याचे वजन मान्य केले. संस्कृत पंडितांनी याला काकतालीय न्याय हे नावच देऊन ठेवले आहे.

‘अमुक भाग बदलला आणि गाडी चालू झाली’ या वाक्यात ‘आणि’ आहे, ‘म्हणून’ नाही. भाग बदलताना चार जोड सुटतात, घासले जातात, पुन्हा घट्ट बसतात. खरा गुण त्या घासण्याचाही असू शकतो. भाग बदलल्यावर गाडी सुधारली, तर शक्य असेल तेव्हा जुना भाग पुन्हा लावून पाहावा. बिघाड परत आला तरच जुन्या भागावर आरोप सिद्ध झाला असे समजावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, पण आपण काही शिकणार नाही.

आणखी तीन दुखणी

याच रीतीने इतर बिघाडांकडेही पाहता येते. तीन उदाहरणे देते.

पहिले, गाडी सुरूच होत नाही, स्पार्क नाही. या जावाला पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांची जुनी व्यवस्था आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या आतल्या जाड तारेतून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. तपासायला सहा व्होल्टचा लहानसा बल्ब व दोन वायरी पुरतात. कॉइलकडून पॉइंटकडे वायर जाते त्या टोकाला बल्बची एक वायर लावावी, दुसरी चासीला. चावी लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पॉइंट उघडताना बल्ब लागला आणि मिटताना विझला, तर इथवरचे मंडल ठीक आहे. बल्ब सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्या तोंडावर तेल-काजळी आहे. मुळीच लागला नाही, तर एक तर कॉइलमधून वीज येत नाही, किंवा ती वाटेतच चासीला जाऊन मिळते. मग कंडेन्सरची वायर तेवढी सोडून पाहावी. बल्ब लागू लागला तर कंडेन्सर आतून जुळलेला आहे. पॉइंट पुरे उघडल्यावर त्यांतले अंतर ०.४ मिलिमीटर असावे. ते डोळ्याने नव्हे, फीलर गेजने पाहावे.

दुसरे, बॅटरी सारखी उतरते. येथे पुढचा तांबडा दिवा फार बोलका असतो. तो बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मध्ये जोडलेला असतो. चावी लावली, इंजिन बंद आहे, तर तो लागला पाहिजे. कारण बॅटरीकडून निघालेला प्रवाह त्याच्यातून आणि थांबलेल्या डायनॅमोतून चासीला जातो. इंजिन वेगात आले की डायनॅमोचा दाब बॅटरीच्या बरोबरीला येतो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा आल्याने दिवा विझतो. आता वाचन करा. मुळात लागतच नाही : बल्ब गेला, किंवा डायनॅमोचे कार्बन ब्रश झिजून टेकत नाहीत. वेगातही विझत नाही : डायनॅमो वीज देत नाही, ब्रश, कॉम्युटेटरवरची काजळी आणि रेग्युलेटर पाहा. वेगात मंद मंद मिणमिणतो : डायनॅमो देतो आहे, पण बॅटरीपर्यंतच्या वाटेत कोठेतरी अडथळा आहे. दिवा नीट विझत असेल तर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावे. सहा व्होल्टच्या बॅटरीला वेगात सुमारे सात व्होल्ट मिळाले पाहिजेत. तेवढे मिळूनही ती रात्रभरात उतरत असेल, तर दोष बॅटरीचा, किंवा चावी बंद असतानाही कोठेतरी वीज झिरपते आहे.

तिसरे, आणि सर्वांत छळणारे : येणारा-जाणारा बिघाड. गॅरेजात नेली की गाडी शहाणी, घरी आली की पुन्हा तेच. अशा वेळी ‘कधी होते’ याची टिपणवही ठेवावी. हँडल वळवताना होते? मग मानेपाशी वाकणारी वायर पाहा. प्रत्येक वळणाला ती वाकते आणि वरचे प्लॅस्टिक शाबूत असतानाही आत तुटते. खड्ड्यात होते? बॅटरीची टोके आणि फ्यूजची पकड पाहा. अर्ध्या तासाने इंजिन तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते? कॉइल किंवा कंडेन्सर. फक्त पावसात? अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या जाड वायरीकडे पाहा. फुटलेल्या रबरातून निळ्या ठिणग्या उडताना दिसतील. हात मात्र लावू नका. ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ‘कोठे’ याचे उत्तर निम्मे मिळालेले असते.

या ‘निम्मे’ शब्दावरून एक युक्ती सांगते. बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत समजा आठ तुकड्यांची वाट आहे आणि त्यांतल्या एकात वायर तुटली आहे. एका टोकापासून ओळीने गेलात तर सातव्या तपासणीपर्यंतही जावे लागेल. त्याऐवजी प्रथम मध्यावर पाहा. तेथे वीज आहे? मग पहिले चार तुकडे निर्दोष. उरलेल्या चारांच्या मध्यावर पाहा, मग दोनांच्या. तीन तपासण्यांत तुकडा सापडतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करीत नाही, तसेच हे.

दोन शब्द सावधगिरीचे. भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ ठिणगी पाडू नये. काम करण्यापूर्वी बॅटरीची चासीकडची वायर प्रथम सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी आगीचे कारण राहत नाही. प्लगचा स्पार्क पाहताना पेट्रोलचा वास येत असेल तर थांबावे. आणि जळलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची जी जुनी चाल आहे, ती सोडून द्यावी. फ्यूज जळला म्हणजे त्याने काहीतरी सांगितले; त्याचे तोंड बंद केले तर पुढच्या वेळी वायरिंग बोलते, आणि तेही पेट्रोलच्या टाकीखाली.

शोधाची मजुरी

हा लेख मेकॅनिक मंडळींविरुद्ध आहे, असे कोणी समजू नये. काकांना भला मोठा अंदाज कोणी आणि का दिला, याचा विचार मी पुष्कळ केला. गॅरेजात गिऱ्हाईक नव्या भागाचे पैसे निमूटपणे देते, कारण भाग हातात दिसतो. पण मेकॅनिकने दोन तास डोके चालवून एक बोल्ट घासला, तर ‘एवढ्याचे एवढे?’ असे आपणच विचारतो. ज्या कामाला मजुरी नाही ते काम कोणी का करावे? भाग बदलणे हेच मग सर्वांच्या सोयीचे होते. न्याय असा की दोष एकट्या मेकॅनिकचा नाही, गिऱ्हाइकाचाही आहे. डायनॅमोचे वेढे जळले असतील, रेग्युलेटरच्या पट्ट्या जुळवायच्या असतील, तर ते काम जाणत्या हातांचेच. तेथे मल्टिमीटर घेऊन बसलेल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीने बाजूला व्हावे हे बरे.

परंतु बाजूला होतानाही एक हक्क आपण सोडू नये. ज्याला तपासता येत नाही, त्याला विश्वास ठेवावा लागतो. आणि ज्याला निदान प्रश्न विचारता येतो, त्याचा विश्वास डोळस असतो. यापुढे गॅरेजात गेलात, तर ‘काय बदलले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘हेच बिघडले होते, हे कशावरून कळले?’ असे विचारा. उत्तर नीट मिळाले, तर भागाच्या किमतीबरोबर त्या उत्तराचेही पैसे खुशीने द्या.